कुबात घोड्यावर बसत नसे

आक-तेरेक, १२ सप्टेंबर १९९७

सालकिन,

'प्रिय' लिहायला हात धजेना, म्हणून नुसतं नाव लिहिलंय.

शनिवारी लोकरीचे नमदे विकायला कोचकोरच्या बाजारात गेले होते. कॅसेटवाल्याच्या टपरीवर गाणं लागलेलं. आधी कोमुझच्या तारा, मग तुझं ते पितळी भोंगं, सॅक्सोफोन की काय म्हणता ते, आणि मग तुझा आवाज. आवाज ओळखला म्हणून थांबले. म्हटलं, आपली धाकटी गातेय, ऐकू तर दोन मिनिटं. दुसऱ्याच ओळीला माझ्या खांद्यावरचा नमदा चिखलात पडला.

ते शब्द माझे होते. कुबात गेला तेव्हा तीन दिवस शोकाच्या तंबूत भिंतीकडे तोंड करून मी जो कोशोक म्हटला, त्यातले. सख्ख्या भावासाठी केलेला विलाप. त्याच्यामागे तू ड्रम लावलास. आणि शेवटी टाळ्या. लोक टाळ्या वाजवत होते, सालकिन, आणि कुणीतरी शिट्टीसुद्धा मारली. टपरीवाला थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं म्हणतो, "घ्या ना एजे, हल्ली लग्नातसुद्धा हेच वाजतंय." त्याच्या थोबाडीत मारली नाही एवढंच.

कोशोक कुणी म्हणायचा, कुठे म्हणायचा, हे मी तुला शिकवायचं का? मयताच्या घरातल्या बायांनी, आल्यागेल्याकडे पाठ करून म्हणायचा. मेल्या माणसासाठी म्हणायचा. तू तो लोकांकडे तोंड करून, ओठ रंगवून म्हटलास. आणि तोही वर्ष व्हायच्या आत. मी अजून काळ्या रुमालात आहे. पोटचा मुलगा गेलेली आपा काळ्या रुमालात आहे. कुबातची बायको नाझिरा तर आहेच आहे.

जो माणूस मातीत जाताना तू लाइपझिगला गात होतीस, ज्याच्यासाठी सातव्या दिवशी येऊन दगडासारखी बसलीस, एक शब्द तोंडातून काढला नाहीस, त्याच्यावर आता कॅसेट काढतेस? भावासाठी जीभ टाळ्याला चिकटली होती, ती परत त्याच जर्मनांसमोर गेल्यावर बरी सुटली.

पंचवीस ऑक्टोबरला त्याचा वर्षाचा आश ठरलाय, बर्फ पडायच्या आत. गावजेवण होईल, शेवटचा कोशोक होईल, काळे रुमाल उतरतील, तंबू निघेल. तू येऊ नकोस. आलीस तरी भिंतीजवळ तुला जागा नाही, आत्ताच सांगून ठेवते. आणि ते गाणं बंद कर.

फोन करू नकोस. खांबांवरच्या तारा कुणीतरी कापून नेल्यात. काय लिहायचं असेल ते जोल्चूच्या गाडीने पाठव.

बुरुल


बिश्केक, १६ सप्टेंबर १९९७

बुरुल एजे,

पत्र मिळालं. जोल्चू पाकीट देताना म्हणाला, "सांभाळून धर, गरम आहे."

सगळं लिहिलंस, चाळिसाव्या दिवसाचं तेवढं लिहायला विसरलीस. विसरलीस की गाळलंस? मी आठवण करून देते.

चाळिसाव्याला मी आदल्या दिवशीच आले होते. काळा रुमाल बांधून तंबूत शिरले, नाझिराच्या शेजारी जागा होती तिथे बसायला वाकले. तू उठलीस. माझा दंड धरून मला बाहेर आणलंस आणि सगळ्या बायांच्या देखत म्हणालीस, "तुला स्टेज आहे. हे आमचं आहे. जा, समोवारकडे बघ." दंडावर चार दिवस तुझ्या बोटांचे वळ होते. दोनशे माणसांना मी चहा ओतला, एजे. आतून तुझा आवाज येत होता, आणि मी माझ्याच भावाच्या दुखवट्यात नोकराणीसारखे पेले विसळत होते. कोळपलेल्या अंगाराकडे बघून रडावं तर बाया म्हणायच्या, धूर गेला वाटतं डोळ्यांत.

मग मी कुठे रडायचं होतं, ते तू सांग. भिंत तू घेतलीस. माझ्याकडे उरलं काय? एक कोमुझ, गेन्नादीचा तो कपाटाएवढा बास आणि समोर खुर्च्यांवर बसलेले लोक. ज्याच्याकडे जे असतं त्याच्यावर तो रडतो.

लाइपझिगचं म्हणशील तर तुझी तार मला तिसऱ्या दिवशी मिळाली. मी त्याच दिवशी विमानतळावर जाऊन बसले. विमान आठवड्यातून एक. हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं, तू ऐकलं नाहीस, कारण तुला ऐकायचंच नव्हतं. आणि सातव्या दिवशी गप्प बसले ती नाटकं नव्हती. गळ्यातून आवाजच निघाला नाही. गाणारीचा आवाज जातो तेव्हा काय होतं, हे तुला कोण समजावणार.

ओठ रंगवले म्हणतेस. बारा वर्षं मी काय केलं ते तुला ठाऊक आहे का? लोकसंगीताच्या सरकारी मंडळीतून मला हाकललं, का, तर मी कोमुझ बाटवला. जॅझवाल्यांच्या दारात गेले तर म्हणाले, या बाईकडून मेंढ्यांचा वास येतो. सहा वर्षं हॉटेलात लोकांच्या वाढदिवसाला गायले. स्वतःची गाणी बांधली, चाळीस, पन्नास. त्यातलं एकही कोचकोरपर्यंत पोचलं नाही, तुमच्यापैकी कुणी कधी विचारलंही नाही. हे एक गाणं पोचलं. नोव्हेंबरात अल्माटीला त्याचं नीट ध्वनिमुद्रण होणार आहे, माझी पहिली तबकडी निघणार आहे. ते गाणं मी काढणार नाही.

आणि आशला मी येणार. तो माझाही भाऊ होता. शब्द मला कुणी दिले ते मात्र विचारू नकोस, मी सांगणार नाही.

सालकिन


आक-तेरेक, २३ सप्टेंबर १९९७

सालकिन,

चोर तो चोर वर शिरजोर.

चाळिसाव्याला समोवारकडे कुणीतरी बघायलाच हवं होतं. माणसं दोनशे होती, तूच लिहिलंयस.

शब्द कुणी दिले ते मी शोधून काढलं. नाझिराने. तीच माझ्या शेजारी बसलेली असायची, तिलाच सगळं पाठ झालं असणार. गेल्या आठवड्यात तिच्या घरी जाऊन चार शब्द सुनावले. म्हटलं, नवऱ्याची माती ओली आहे आणि तू त्याचं रडणं शहरात पाठवतेस?  मान खाली घालून बोर्सोक तळत राहिली. गुरुवार होता, मेल्या माणसासाठी तेलाचा वास काढायचा दिवस. खाई त्याला खवखवे, उगाच नाही गप्प बसली.

पण आज मी तुला लिहितेय ते यासाठी नाही. जोल्चूच्या गाडीतल्या टेपवर तुझं गाणं मी अथपासून इतिपर्यंत ऐकलं. बाजारात अर्धंच ऐकलं होतं. आणि माझ्या पायाची आग मस्तकात गेली.

हा घोडा कुठून आला?

'डोलोन घाटाच्या वळणावर तांबडा घोडा उभा, खोगीर रिकामं, लगाम सुटला.' कोणाचा घोडा, सालकिन? कुबात घोड्यावर बसत नसे. दहाव्या वर्षी शेजाऱ्यांच्या घोड्याने त्याला फेकलं, गळ्याचं हाड मोडलं, त्यानंतर तो मरेपर्यंत घोड्याच्या मागून चालला नाही. अख्ख्या गावाने त्याला चिडवलं, किरगीझ गडी आणि घोड्याला भितो म्हणून. त्या चिडवण्यापायी तो ट्रक शिकला. मी कोशोकात तेच म्हटलं होतं, सगळ्या गावासमोर, लाजून लपवलं नव्हतं. घोड्याने पाडलं, लोखंडाने उचललं. निळा कामाझ, पाठीवर कोळसा, डावा दिवा फुटलेला. बर्फावरून तो कामाझ घसरला, घोडा नाही.

तू माझे शब्द चोरलेस ते एक वेळ चोरी म्हणून सोडते. पण तू माझ्या भावालाच बदललंस. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तसं जर्मनांना आवडावा म्हणून त्याला घोड्यावर बसवलंस. त्या कॅसेटवरच्या माणसाला मी ओळखत नाही. त्याच्यासाठी मी रडलेली नाही.

आता तर तू येऊच नकोस.

बुरुल


बिश्केक, २९ सप्टेंबर १९९७

एजे,

आधी नाझिराच्या घरी जा आणि तिची माफी माग. आजच्या आज. तिने मला एक शब्दही दिलेला नाही. ती गप्प बसली कारण तिला वाटलं असणार, या घरात आता खरं-खोटं कोण विचारतं.

मला शब्द आपाने दिले.

सांगणार नव्हते, पण तू त्या बिचारीवर तुटून पडलीस म्हणून सांगावं लागतंय. सातव्या दिवशी माझं तोंड उघडलं नाही, ते आपाने पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला गोठ्यात बोलावलं. ती दूध काढत होती. धारेच्या आवाजात एकेक ओळ सांगायची, मी मागून पुटपुटायचे. आठ सकाळी आम्ही तेच केलं. म्हणाली, "तुझा घसा बसलाय तर बुरुलचा घे. चाळिसाव्याला रिकाम्या तोंडाने बसू नकोस, लोक नावं ठेवतील." मी सगळा पाठ केला. तो घेऊनच चाळिसाव्याला आले होते. आणि तू मला समोवारपाशी उभं केलंस.

तुझे शब्द चोरून नेले नाहीत. आईने दिले आणि तू म्हणू दिले नाहीस. तोंडात कुजायला लागले तेव्हा मी ते गायले. पुढे काय होणार होतं?

आता घोडा. लिहिताना लाज वाटते म्हणून पटकन लिहिते. पहिल्यांदा मी कामाझच म्हटलं होतं. तालमीत गेन्नादी थांबला, म्हणाला, हा शब्द तालात अडतो, लाथ मारल्यासारखा येतो. सॅक्सोफोनवाला हसला. म्हणाला, डोंगरातली बाई कोळशाच्या ट्रकवर गातेय, बाहेरचे लोक याच्यात काय बघणार, त्यांना घोडा दे. मी त्या हसण्याला घाबरले, एजे. बारा वर्षं हसू ऐकून घेतलेलं माणूस आणखी एका हसण्याला घाबरतं. घोडा घातला. गाणं लगेच वाहायला लागलं. सगळे खूश. मीही खूश.

यात तुझं बरोबर आहे. बाकी कशात नाही.

सालकिन


आक-तेरेक, १२ ऑक्टोबर १९९७

सालकिन,

उत्तराला उशीर झाला. घरात बोलणंचालणं बंद होतं.

आपाच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू चांगलाच पिकलाय, म्हणून तुझी पत्रं मीच वाचून दाखवते. गोठ्याची गोष्ट वाचायला लागले आणि अर्ध्यातच थांबले. आपा म्हणाली, पुढे वाच. पुढे वाचलं. समोवारचं ती पहिल्यांदाच ऐकत होती, आधीच्या पत्रातलं मी वाचताना गाळलं होतं. चाळिसाव्याला ती तंबूत सगळ्यात आत बसलेली, तिला वाटलं होतं की तूच उठून गेलीस. मी ते तसंच वाटू दिलं होतं. वर्षभर.

ती ओरडली नाही. म्हणाली, "मुलगा माझा होता. त्याच्यावरचं रडणं कुणाकुणात वाटायचं, ते मी ठरवीन." आणि त्यानंतर चार दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही. नाझिराकडून मागवून घ्यायची. नाझिराकडे मी गेले, माफी मागितली. ती म्हणाली, बसा, बोर्सोक खा. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता मी एक गोष्ट लिहितेय, आणि लिहिताना मला तुझा अजूनच राग येतोय, हे लक्षात ठेव.

तुला भिंतीजवळून उठवलं ते लाइपझिगमुळे नाही. लोकांना मी तसं सांगितलं. मला भीती वाटली. तू तोंड उघडलं असतंस तर बाहेर उभे असलेले पुरुष काठ्यांवर रेलून तुलाच ऐकत राहिले असते. बाया घरी जाताना म्हणाल्या असत्या, सालकिन काय रडली, काळीज हललं. मयताच्या घरातसुद्धा आपल्या बाया कुणाचं रडणं किती वजनाचं ते तोलतात, तुला ठाऊक आहे. लहानपणापासून तू गायचीस आणि मी मेंढ्यांचं दूध काढायचे. तू शिकायला गेलीस, मी आपाजवळ राहिले. तुझ्याबद्दल लोक मलाच विचारायचे, माझ्याबद्दल तुला कुणी विचारलं नसेल. आणि मग कुबात गेला, मी भिंतीकडे वळले, तोंड उघडलं, आणि शब्द येत गेले. कुठून आले मला माहीत नाही. म्हातारे म्हणाले, तीस वर्षांत असा कोशोक ऐकला नाही. तुझ्यापेक्षा मला चांगली येते अशी आयुष्यात ही एकच गोष्ट निघाली, सालकिन, आणि तीही भाऊ मेल्यावर. ती मी तुला का देऊ?

म्हणून समोवार.

आपाने भिंतीजवळ चार नमदे घातलेत. तिचा, नाझिराचा, माझा आणि चौथा. त्याच्याबद्दल मी काही बोलायचं नाही असा हुकूम आहे. तेव्हा ये. तुझी वाद्यं शहरात ठेव. आणि तंबूत घोडा आणलास तर सगळ्यांसमोर गप्प करीन, आपा काहीही म्हणो.

बुरुल


बिश्केक, १८ ऑक्टोबर १९९७

एजे,

येते. शुक्रवारी जोल्चूच्या गाडीने.

तुझं पत्र वाचून आधी पाकीट फेकून दिलं. मग उचललं. मला उठवल्याचं मी विसरणार नाही, पण आता कशासाठी उठवलं ते कळलं. एक सांगते. मी गोठ्यात तुझे शब्द शिकत होते तेव्हा मला तुझा हेवा वाटला होता. मी पन्नास गाणी बांधली, अशी एक ओळ मला बांधता आली नाही. तेव्हा फिट्टंफाट.

दोन दिवस झाले, कामाझ तालात बसवतेय. बसतो. लाथ मारल्यासारखाच येतो, पण तिथे लाथच हवी होती. तालात बसत नाही म्हणणं खोटं नव्हतं, आळशीपणा होता.

गेन्नादीही येतो म्हणतो. बाहेर पुरुषांत उभा राहील.

सालकिन


आक-तेरेक, ४ नोव्हेंबर १९९७

सालकिन,

पाहुणे पांगताच निघून गेलीस, भांडी माझ्याच अंगावर टाकून. नेहमीचंच.

पण लिहायला हवं म्हणून लिहिते. तू बसलीस, तोंड उघडलंस, आणि जो आवाज निघाला तो ऐकून मी रडता रडता मान वळवली. फाटका, घोगरा, मध्येच तुटणारा. मला वाटलं माझ्यासाठी मुद्दाम बिघडवून म्हणतेयस. मग तुझ्या मानेवरच्या शिरा दिसल्या. मुद्दाम नव्हतं. बाहेर जोल्चूची बायको कुणाला तरी विचारत होती म्हणे, आत बेसूर कोण रडतंय. हे ऐकून मला बरं वाटलं, अल्ला माफ करो.

तू निळ्या ट्रकच्या ओळीपाशी आलीस तेव्हा पुढचं तुला सुचेना, मी उचललं, मग तू, मग मी. नंतर कोण कुठे थांबलं ते मला आठवत नाही. म्हातारे काहीही म्हणाले नाहीत. मी विचारलंही नाही. तुझा तो गेन्नादी बाहेर लहान मुलासारखा हुंदके देत होता, त्याला एक शब्द कळत नसताना.

आपाने आमचे काळे रुमाल स्वतःच्या हाताने सोडले. तुझा सोडताना जरा वेळ लावला, तू पाहिलंस की नाही कोण जाणे.

माझा राग गेलेला नाही. लग्नात वाजलं ते वाजलं, ते आता परत येणार नाही. पण अल्माटीला जाणारच असशील तर एक ओळ चुकतेस ती नीट कर. डावा दिवा फुटलेला होता. तंबूत तू उजवा म्हणालीस. कुबात तो नवा बसवणार होता, पुढच्या खेपेला.

बुरुल


बिश्केक, १४ डिसेंबर १९९७

एजे,

डावा केला.

अल्माटीहून परत आल्यावर इथल्या छोट्या सभागृहात कार्यक्रम झाला. त्या एका गाण्याला मी खुर्ची फिरवली आणि लोकांकडे पाठ करून बसले. ड्रम काढून टाकला, सॅक्सोफोनवाल्याला गप्प बसवलं, नुसता कोमुझ आणि गेन्नादी. कामाझ आला तेव्हा मागे कुणीतरी फिस्स करून हसलं. मी पुढे म्हणत राहिले. संपल्यावर कुणी टाळी वाजवली नाही. वाजवायची की नाही ते त्यांना कळेना, आणि मला त्यांचे चेहरे दिसत नव्हते. 

तबकडीच्या मालकाला हे आवडलेलं नाही. म्हणतो, जुनंच खपेल. खपू दे.

नवी कॅसेट कोचकोरपर्यंत येईल तेव्हा ऐक आणि शिव्या लिहून पाठव.

सालकिन


आक-तेरेक, २० जानेवारी १९९८

प्रिय सालकिन,

नवी कॅसेट आली. शनिवारी बाजारात तोच टपरीवाला, तीच टपरी. मी म्हटलं, सालकिनचं नवं लाव. त्याने लावलं. मी थंडीत उभी राहून शेवटपर्यंत ऐकलं. दिवा डावाच आहे. एका ठिकाणी श्वास लवकर घेतेस, ते असो.

गाणं संपल्यावर टाळ्या आल्या नाहीत, नुसती शांतता. टपरीवाला कॅसेट काढून फुंकर मारायला लागला. म्हणाला, "एजे, ही खराब निघालेली दिसते, शेवट गायब आहे. आणि कसला तरी ट्रक घुसडलाय मध्येच. तुम्ही जुनी घ्या. जुनीत घोडा आहे."

त्याला चांगलं सुनवायचं म्हणून तोंड उघडलं, आणि निघालं भलतंच.

मी म्हटलं, "माझ्या भावाला घोड्याची भीती वाटायची."

एवढं म्हटलं आणि तिथेच रडू फुटलं. आश होऊन गेलेला, रुमाल पांढरा, म्हणजे आता रडायचा हक्कही राहिला नाही. भर बाजारात, सगळ्यांकडे तोंड करून. बाया थांबून बघत होत्या. वळावं म्हटलं तर कुठेच भिंत नव्हती.

तुला समोवारपाशी कसं वाटलं असेल, ते तेव्हा कळलं.

नव्या दोन घेतल्या. एक नाझिराला दिली. दुसरी आपा ऐकते, दूध काढताना.

तुझी,
बुरुल